दोनदा पूर्ण झालेला चित्रपट : ‘राजा आणि पक्षी’चं प्रकरण

फ्रेंच कार्टूनपट-दिग्दर्शक पोल ग्रिमो यांचा ‘ल र्वा ए ल्वाझो’, म्हणजे ‘राजा आणि पक्षी’, १९ मार्च १९८० रोजी फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा ग्रिमोंच्या पंचाहत्तरीला चार दिवस कमी होते. पडद्यावर दिसणारी जवळजवळ निम्मी चित्रं तीस वर्षांपूर्वी काढलेली होती आणि उरलेली नुकतीच. हाताने काढलेल्या फ्रेंच अ‍ॅनिमेशनमधला अभिजात चित्रपट म्हणून आज ज्याचं नाव घेतलं जातं, तो असा दोन काळांत, दोन वेगळ्या चमूंनी आणि मध्ये एक मोठं भांडण होऊन तयार झालेला आहे.

तो इतका का टिकला याची उत्तरं बहुतेक वेळा कौतुकाच्या भाषेत येतात. मला वाटतं, त्यामागचे निर्णय एकेक करून उलगडले तर जास्त हाती लागतं. भांडणातल्या दुसऱ्या बाजूला इथे नुसतं ‘भागीदार’ म्हटलं आहे. नाव शोधणाऱ्याला ते सहज सापडेल, पण त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी गोष्ट फारशी वेगळी घडली नसती.

पार्श्वभूमी

ग्रिमोंनी १९३६ मध्ये एका भागीदाराबरोबर ‘ले झेमो’ हा स्टुडिओ काढला. पोटापाण्याला जाहिरातपट होते. मग युद्ध आलं, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपटांवर बंदी आली आणि डिस्नेने भरून टाकलेल्या बाजारात अचानक जागा मोकळी झाली. या काळात ग्रिमोंचे छोटे रंगीत कार्टूनपट लोकांनी पाहिले. युद्धानंतर अमेरिकन चित्रपट परत येणार हे उघड होतं. त्यांच्यासमोर उभं राहायचं तर पूर्ण लांबीचा चित्रपट हवा, ही महत्त्वाकांक्षा दोन्ही भागीदारांची होती. पुढे जे झालं त्यात ही गोष्ट विसरली जाते.

लेखनासाठी आले कवी झाक प्रेव्हेर. तोवर फ्रेंच सिनेमातल्या काही अत्यंत गाजलेल्या पटकथा त्यांच्या नावावर होत्या. परीकथाकार अँडरसनच्या कथेवरचा ‘ल पती सोल्दा’ हा छोटा चित्रपट दोघांनी मिळून केला, तो १९४७ मध्ये आला. मोठ्या चित्रपटासाठीही त्यांनी अँडरसनचीच कथा घेतली : मेंढपाळीण आणि धुराडं साफ करणारा पोऱ्या. मूळ कथेत ही दोघं चिनीमातीच्या बाहुल्या असतात. धुराड्यातून वर चढून छपरावर येतात, एवढं मोठं जग पाहून ती घाबरते आणि दोघं मुकाट्याने टेबलावर परत येतात.

प्रेव्हेरांची दोघं परत येत नाहीत. बाहुल्यांच्या जागी त्यांनी चित्रं आणली, शेकडो मजल्यांचा राजवाडा आणला, एक तिरळा राजा आणला, आणि राजवाड्याच्या टोकावर घरटं करून राहणारा, राजाला रोज टोमणे मारणारा एक बडबड्या पक्षी आणला. या पक्ष्याची बायको राजाच्या गोळीने गेलेली आहे आणि तो पिल्लांना एकटाच वाढवतो आहे. मूळ कथेतलं उरलं ते एवढंच : प्रेम, पळणं आणि धुराडं.

अडचण

हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनचं गणित ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पडद्यावरचा एक सेकंद म्हणजे फिल्मच्या २४ चौकटी. एकेक चित्र दोन चौकटींवर धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं होतात, मिनिटाला ७२०, आणि तीही एकाच पात्राची. प्रत्येक चित्र आधी कागदावर पेन्सिलने काढायचं. मग पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने त्याची रेघ उतरवायची, मागच्या बाजूने रंग भरायचे आणि रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून कॅमेऱ्याखाली एकेक चौकट टिपायची. दृश्य पसंत नसेल तर पुन्हा पहिल्यापासून.

आता या गणितात ग्रिमोंसारखा माणूस घाला, ज्याला राजाच्या पोशाखाचा घोळ पायऱ्यांवरून कसा उतरतो हेही नीट हवं असतं. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात काम सुरू झालं. वेळ वाढत गेला, खर्च वाढत गेला. दरम्यान १९५० मध्ये झाँ इमाज यांचा कार्टूनपट आला आणि फ्रान्सचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत कार्टूनपट हा मानही गेला. त्याच वर्षी भागीदारी फुटली आणि ग्रिमो व प्रेव्हेर आपल्याच चित्रपटाच्या बाहेर पडले.

भागीदाराच्या खुर्चीत बसून पाहिलं तर चित्र असं दिसतं : पैसे गुंतले आहेत, चित्रपटाचा मोठा भाग तयार आहे, पण दिग्दर्शक ‘झालं’ म्हणत नाही. ग्रिमोंच्या खुर्चीतून : ज्या शेवटासाठी सगळा डोलारा उभा केला तोच शेवट दुसरं कुणी भलतंच करून टाकणार आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि म्हणूनच असलं भांडण मिटत नाही. चित्रपट पूर्ण झाला हे ठरवायचं कुणी? शिल्लक पैशांनी, की हातात पेन्सिल असलेल्याने?

निर्णयाचा पहिला टप्पा : १९५० ते १९५३

ग्रिमो-प्रेव्हेरांपुढे तेव्हा काय काय होतं? तडजोड करून छोटा, साधा शेवट मान्य करायचा आणि नाव राखायचं. किंवा चित्रपटावर पाणी सोडून पुढच्या कामाला लागायचं. किंवा भांडायचं. ते भांडले. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, पण प्रदर्शन थांबलं नाही. भागीदाराने उरलेलं काम इतरांकडून करून घेतलं, आणि ‘मेंढपाळीण आणि धुराडं साफ करणारा’ या अर्थाच्या नावाने साधारण तासाभराचा चित्रपट १९५२ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. तिथे त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला! पुढच्या वर्षी तो फ्रान्समध्ये लागला. जन्मदात्यांनीच नाकारलेलं मूल असं गावभर कौतुकात फिरत होतं. इंग्रजीतही तो डब झाला आणि पक्ष्याला अभिनेते पीटर उस्तिनोव्ह यांचा आवाज मिळाला.

भांडण्याचा निर्णय तत्त्वाला धरून होता, यात शंका नाही. व्यवहारात त्याने काय दिलं, हे मात्र तेव्हा दिसण्यासारखं नव्हतं. चित्रपट वाचला नाही. पण ‘हा आमचा नाही’ हे वेळेवर आणि जाहीरपणे म्हटलं गेलं, म्हणून पुढे ‘आमचा असा होता’ म्हणायची जागा शिल्लक राहिली. गप्प राहून पुरस्कार घेतला असता तर १९८०चा चित्रपट कुठल्या तोंडाने केला असता?

मधली वर्षं

ग्रिमोंनी १९५१ मध्ये स्वतःची कंपनी काढली. पुन्हा जाहिरातपट, पुन्हा छोटे चित्रपट. पुढे मोठे दिग्दर्शक झालेले झाक देमी उमेदवारीत त्यांच्याकडे होते. झाँ-फ्रांस्वा लागिओनी यांना त्यांनी हाताशी धरलं, आणि लागिओनींच्या पहिल्या छोट्या चित्रपटाने १९६५ मध्ये आनेसीच्या कार्टूनपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवला. म्हणजे या वर्षांत मोठा चित्रपट झाला नाही, पण हात चालू राहिला आणि शिकलेली माणसं भोवती राहिली. काम पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा याचा उपयोग झाला असणार.

निर्णयाचा दुसरा टप्पा : १९६७

१९६७ मध्ये हक्क ग्रिमोंच्या हाती आले. वय ६२. आता काय करायचं?

कागदावर मार्ग तीन. जुना चित्रपट किरकोळ डागडुजी करून आपल्या नावाने पुन्हा लावायचा. हा सगळ्यात स्वस्त, पण मग इतकी वर्षं नाकारलं कशाला? दुसरा, सगळं फेकून नव्याने काढायचं. यात पैसा पुरणार नाही हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय चाळिशीतल्या ग्रिमोंनी आणि त्यांच्या चमूने काढलेली चित्रं पुन्हा तशी काढायला तीच माणसं, तेच हात लागले असते. तिसरा मार्ग, जुन्यातलं आपलं तेवढं ठेवायचं, नको ते कापायचं आणि मधल्या जागा नव्या चित्रांनी भरायच्या. हा ऐकायला शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात तोच सगळ्यात अवघड, कारण नवी रेघ जुन्या रेघेशेजारी रोज उघडी पडणार असते. जुन्या लुगड्याला नवं ठिगळ लावणाऱ्याला रंग जुळवताना काय त्रास होतो ते ठाऊक असतं.

त्यांनी तिसरा मार्ग धरला. पैसे उभे करायला साधारण दहा वर्षं गेली. शेवटी त्यांची स्वतःची कंपनी, दुसरी एक निर्मितीसंस्था आणि ‘आंतेन २’ ही दूरचित्रवाणी वाहिनी एकत्र आली, तेव्हा १९७७ मध्ये काम पुन्हा सुरू झालं.

एप्रिल १९७७ मध्ये प्रेव्हेर गेले. नव्या पटकथेवर ते ग्रिमोंबरोबर अखेरपर्यंत बसले होते. चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे. पहिल्या खेळाला ग्रिमोंनी आपल्या शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी रिकामी ठेवली होती, असं सांगतात.

प्रत्यक्ष काय केलं

जुन्या तासाभरातली सुमारे २० मिनिटं कापली, ४० च्या आसपास ठेवली आणि जवळपास तितकीच नवी काढली. चित्रपट ८०-८५ मिनिटांचा झाला. जुन्या चमूतले काही जण परत आले, बाकी तरुण मंडळी.

आवाज सगळे नव्याने घेतले. पहिल्या आवृत्तीत पिएर ब्रासर, अनुक एमे, सेर्ज रेजियानी अशी बडी मंडळी होती, ती गेली. हा निर्णय निर्दयी वाटला तरी मला पटतो. अर्ध्या चित्रपटात १९५०चं ध्वनिमुद्रण आणि अर्ध्यात १९७९चं असतं, तर डोळ्यांना न दिसलेला सांधा कानांनी पकडला असता.

संगीताच्या बाबतीत मात्र वेगळा विचार केला. मूळ संगीत जोसेफ कोस्मांचं. ते १९६९ मध्ये वारले होते. प्रेव्हेर-कोस्मांची गाणी तशीच ठेवली आणि पार्श्वसंगीतासाठी पोलंडचे वोइचेख किलार यांना बोलावलं. किलारांची पियानोवरची उदास धून आज या चित्रपटाची ओळख झाली आहे. मधल्या वर्षांत आलेलं वय या धूनमधून चित्रपटात शिरलं. १९५०च्या तरुण ग्रिमोंना ती सुचली असती असं वाटत नाही.

सगळ्यात मोठा बदल शेवटात. राजाचा प्रचंड यंत्रमानव आपलाच राजवाडा जमीनदोस्त करतो आणि ढिगाऱ्यावर शिल्पकार रोदँच्या ‘विचारवंत’ या पुतळ्यासारखा हनुवटीला हात लावून बसतो. मग पिंजऱ्यात अडकलेलं पक्ष्याचं सर्वांत धाकटं पिल्लू त्याच्या नजरेस पडतं. तो एवढ्या मोठ्या बोटांनी अलगद दार उघडतो, पिल्लू उडून जातं, आणि मग मूठ आपटून तो पिंजरा चेचून टाकतो. प्रेमिकांचं लग्न, मिठी, गोड शेवट काही नाही. प्रेमिक तर चौकटीतही नाहीत.

हे का टिकलं

तंत्रावरच बोलायचं तर सांधे दिसतात. नीट पाहिलं तर काही दृश्यांत रेघ जाडसर होते, रंग किंचित सपाट होतात. तरीही चित्रपट एकसंध वाटतो. याचं श्रेय मी रचनेला देतो.

एक दृश्य घ्या. दरबारी चित्रकार राजाचं चित्र काढतो आणि राजा जसा तिरळा आहे तसाच रंगवतो. सगळे श्वास रोखून उभे. राजा त्याला पदक देतो आणि पुढच्याच क्षणी कळ दाबून पायाखालची फळी उघडतो. चित्रकार खाली गायब. मग रात्री आपल्या खासगी खोलीत राजा एकटाच कुंचला उचलतो आणि चित्रातले डोळे स्वतः सरळ करतो. इथवर विनोद आहे. पण पुढे चित्रं जिवंत होतात, मेंढपाळीण आणि पोऱ्या आपापल्या चौकटींतून उतरून पळतात, आणि हा सरळ डोळ्यांचा, रंगवलेला राजाही खाली उतरतो. खऱ्या तिरळ्या राजाला तो त्याच फळीतून खाली पाठवतो आणि उरलेला सगळा चित्रपट राज्य करतो. दरबारातल्या एकालाही फरक कळत नाही. निरंकुश सत्तेवरची टीका यात आली, आणि तिच्यासाठी एकही भाषण लागलं नाही.

दुसरं, वर आणि खाली. राजवाड्यात उद्वाहन वर चढतं तेव्हा एक आवाज मजल्यामजल्यावर काय आहे ते एकसुरात सांगत जातो, सरकारी कचेरीत पुकारा व्हावा तसा. वर राजाची खासगी खोली, आणि पार तळाशी एक शहर, जिथल्या लोकांनी सूर्यच पाहिलेला नाही. तिथला एक आंधळा वादक पक्ष्यांवर विश्वास ठेवतो. पोऱ्याला आणि पक्ष्याला पकडून कामाला जुंपतात तेव्हा काम काय, तर राजाचे पुतळे घाऊक प्रमाणात रंगवणं. लहान मुलाला हे सगळं पळापळ म्हणून कळतं, मोठ्याला आणखी काही म्हणून, आणि दोघांपैकी कुणालाही चित्रपट थांबून समजावत बसत नाही. संवाद कमी आहेत. मोकळे चौक, लांब सावल्या, रिकामे जिने दिसत राहतात. इतकी शांतता आजच्या मुलांच्या चित्रपटात ठेवायची छाती कुणी करणार नाही.

परिणाम

फ्रेंच चित्रपटांसाठीचा मानाचा लुई देल्यूक पुरस्कार १९७९ सालासाठी या चित्रपटाला मिळाला, अ‍ॅनिमेशनपटाला पहिल्यांदाच. फ्रान्समध्ये तो २०१३ मध्ये नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीत पुन्हा लागला.

पण या प्रकरणाचा सगळ्यात उलटा परिणाम जपानमध्ये झाला. १९५५ मध्ये तिथे ‘तिरळा जुलमी राजा’ अशा अर्थाच्या नावाने लागलेला चित्रपट होता पहिला, म्हणजे ग्रिमोंनी नाकारलेला. तोक्योत फ्रेंच साहित्य शिकणाऱ्या इसाओ ताकाहाता यांनी तो पाहिला आणि अ‍ॅनिमेशनमध्ये हेही करता येतं हे त्यांना उमगलं; १९५९ मध्ये ते तोएई या कार्टूनपट करणाऱ्या स्टुडिओत दाखल झाले. पुढे त्यांनी आणि हायाओ मियाझाकींनी स्टुडिओ घिबली उभारला. मियाझाकींच्या पहिल्या चित्रपटात, ‘कॅग्लिओस्ट्रोचा किल्ला’मध्ये, तो उंच वाडा, ते सापळे, ती छपरांवरची धावपळ ओळखू येते, आणि तो चित्रपट आला १९७९ मध्ये. ग्रिमोंची पूर्ण आवृत्ती तोवर प्रदर्शितच झाली नव्हती! प्रभाव पडला तो ‘बिघडवलेल्या’ प्रतीचा.

ताकाहातांनी हे ऋण मोकळेपणाने मानलं. २००६ मध्ये घिबलीच्या पुढाकाराने ‘राजा आणि पक्षी’ जपानमध्ये लागला तेव्हा उपशीर्षकांचं भाषांतर त्यांनी स्वतः केलं, आणि पुढच्या वर्षी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून एक पुस्तक लिहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं तर उघड आहे. दिग्दर्शक आणि पैसा सांभाळणारा हे जिथे समान भागीदार असतात तिथे ‘पूर्ण’ म्हणजे काय, आणि मतभेद झाले तर शेवटचा शब्द कुणाचा, हे मैत्री शाबूत असताना लिहून ठेवायला हवं. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये याची निकड जास्त, कारण इथे संकलनाच्या टेबलावर वाचवायला जादा चित्रीकरण नसतं. जे काढलं नाही ते अस्तित्वातच नसतं.

दुसरं, कामाचा क्रम. शेवट हाच चित्रपटाचा प्राण असेल तर तो आधी काढून ठेवावा. पैसे संपले तर मधला जिना गाळता येतो, पिंजरा गाळता येत नाही. हे सांगणं मागाहून सोपं आहे, आणि १९५०च्या ग्रिमोंच्या मनात हाच शेवट होता का, हा प्रश्नही आहेच. माझा कल ‘नव्हता’कडे. ढिगाऱ्यावर बसलेला तो थकलेला यंत्रमानव मला सत्तरीतल्या माणसाने काढलेला वाटतो. तसं असेल तर १९५० मध्ये सगळं सुरळीत पार पडतं तर एक उत्तम चित्रपट झाला असता, पण हा नाही.

तिसऱ्या बाबतीत मी ग्रिमोंच्या विरुद्ध आहे. हक्क हातात आल्यावर जुनी आवृत्ती मागे सारली गेली. माणूस म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण त्या आवृत्तीचा इतिहास तोवर फक्त त्यांचा उरला नव्हता. तिच्यावर जपानमध्ये एक पिढी घडली होती. दोन्ही आवृत्त्या नीट जपून, स्पष्ट टीप देऊन शेजारी ठेवल्या असत्या तर नव्या आवृत्तीचं काहीच बिघडलं नसतं, उलट तिची उंची जास्त कळली असती. झालं असं की जुन्या चित्रपटाचं इंग्रजी डबिंग अमेरिकेत हक्कमुक्त होऊन विटक्या रंगांच्या प्रतींत इकडेतिकडे फिरत राहिलं, आणि अनेकांनी तेच मूळ समजून पाहिलं.

अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्याने आधी १९८०ची आवृत्ती पाहावी, मग हाती लागेल तशी जुनी. उलट क्रमाने पाहिलं तर नजर फक्त काय काय बदललं ते मोजत बसते. या क्रमाने पाहिलं तर एकाच पायऱ्यांवरून उतरणारा तोच राजा दोन वेगळ्या संगीतांवर किती वेगळा दिसतो, हे आपसूक लक्षात येतं.